बिबड्या-पापडाचा ब्रँड आणि ऑनलाइन समूह : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

काम काय : यावल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचा माल (ज्वारीच्या बिबड्या म्हणजे तळून खायचं पापडासारखं वाळवण, उडदाचे पापड, काळा मसाला, आणि कळण्याचं म्हणजे भाकरीसाठीचं ज्वारी-उडदाचं पीठ) खान्देशाबाहेर राहणाऱ्या खान्देशी माणसांपर्यंत पोचवायचा. पुणे, नाशिक, कल्याण-डोंबिवली, सुरत. पैसे देऊन जाहिरात करायची नाही. जिथे लोक आधीपासून बोलत आहेत अशाच समूहांत जायचं : फेसबुक, व्हॉट्सॲप, जमलं तर रेडिट. असंच काम हाती घेणाऱ्यांसाठी या नोंदी. नफ्याचे आकडे यात नाहीत, खर्च आणि फसलेल्या गोष्टी आहेत.

६ जानेवारी

समूहांची यादी. एका तक्त्यात रकाने : समूहाचं नाव, कुठे आहे, कोण बोलतं, रोज किती पोस्टी पडतात, विक्रीबद्दलचा नियम, ॲडमिन कोण. सदस्यसंख्येचा रकाना आधी होता, नंतर काढला. पन्नास हजार सदस्य आणि पोस्टी टाकणारे सगळे विक्रेतेच, असे समूह ढिगाने आहेत. फ्लॅट, विमा, साड्या, पापड, आणि खाली एकही उत्तर नाही. तो बाजार खरा, पण गिऱ्हाईक नसलेला.

त्याऐवजी ही चाचणी लावली : समूहातल्या शेवटच्या तीस पोस्टी बघायच्या आणि किती पोस्टींखाली तीनपेक्षा जास्त वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय ते मोजायचं. दहाच्या वर असेल तर समूह जिवंत. शुभ सकाळची चित्रं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा या मोजणीत धरायच्या नाहीत. चाळणी लावल्यावर यादी निम्म्याहून कमी झाली. उरले ते तीन प्रकारचे : गावकीचे (आपल्या गावचे पण पुण्यात राहणारे), खान्देशी खाण्याचे आणि पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांचे.

९ जानेवारी

नियम वाचले. फेसबुकवर नियम ‘विषयी’ या भागात असतात, वर पिन केलेल्या पोस्टमध्येही असतात, आणि बरेचदा दोन्हीकडे वेगळे असतात. कडक असेल तो धरायचा. नियमांपेक्षा जास्त कळतं ते समूहाच्या आतल्या शोधातून. ‘ऑर्डर’, ‘घरगुती’, ‘पापड’, ‘मसाला’ हे शब्द टाकून आधीच्या विक्रेत्यांचं काय झालं ते बघा. कोणाला शिव्या पडल्या, कोणाचं कौतुक झालं, कोणाच्या पोस्टखाली ॲडमिनने कमेंट बंद केल्या, सगळं तिथे पडलेलं असतं. याला एक संध्याकाळ जाते आणि ती वाया जात नाही.

१३ जानेवारी

खातं कोणाच्या नावाने काढायचं? ब्रँडचं पेज फेसबुक समूहात घ्यायचं की नाही ते ॲडमिन ठरवतो, आणि गावकीच्या समूहांत पेजला सहसा घेत नाहीत. म्हणून माल विकणाऱ्या ताईंचं स्वतःचं खातं वापरायचं ठरलं. परिचयात पहिल्याच ओळीत ‘बचत गटाच्या पापड-मसाल्याची विक्री बघते’ असं लिहिलं. समूहात विचारलेल्या प्रवेशाच्या प्रश्नांनाही हेच उत्तर. ‘खान्देशी खाण्याची आवड’ असं गुळमुळीत लिहून आत शिरलं तर पुढे पहिल्याच पोस्टला ते उघडं पडतं.

गटातून सूचना आली : नातेवाइकांपैकी चार-पाच जणींनी ‘ताई, कुठे मिळेल?’ असं खाली विचारायचं, म्हणजे पोस्ट वर येईल. नको म्हटलं. कारण दोन.

एक, कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ‘आस्की’चे, २०२१ पासूनचे नियम सांगतात की पैसे किंवा फुकट माल घेऊन लिहिलं असेल तर तसं उघड सांगा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे भारतीय मानकही आलं आहे. बचत गटाच्या दारात कोणी दंडाची पावती घेऊन येणार नाही हे खरं. पण पुढेमागे मोठ्या दुकानाला माल द्यायचा तर हे जुने धागे कोणीतरी उकरतंच.

दोन, आणि इथे हेच जास्त महत्त्वाचं : खान्देशी समूहात नातं लपत नाही. फैजपूरची मामेबहीण भुसावळच्या वहिनीला ‘कुठे मिळेल’ विचारते, आणि त्याच धाग्यात दोघींना ओळखणारी चार माणसं असतात.

१८ जानेवारी

ॲडमिनना निरोप. मजकूर सगळ्यांना साधारण असा :

‘राम राम दादा. यावल तालुक्यातल्या महिला बचत गटाचा घरगुती माल आम्ही विकतो. समूहाचे नियम वाचले. विक्रीच्या वारी आमची पोस्ट टाकली तर चालेल का? एरवी कोणी पापड-बिबड्यांबद्दल काही विचारलं तर उत्तर देऊ, पण त्यात भाव आणि नंबर टाकणार नाही. पटत नसेल तर तसं कळवा, पोस्ट टाकणार नाही.’

ॲडमिन मित्रयादीत नसला तर हा निरोप ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये पडून राहतो आणि महिनाभर कोणी बघत नाही. उपाय : ॲडमिनच्या ताज्या पोस्टखाली एका ओळीत ‘दादा, निरोप पाठवलाय, सवडीने बघा’. त्यानंतर बहुतेकांची उत्तरं आली. काहींनी रविवार दिला. एकाने सरळ ‘विक्री नाही, उत्तरं द्या’ म्हटलं आणि हाच समूह पुढे सगळ्यात उपयोगी ठरला. एका ठिकाणी आठवडाभर पोस्ट वर पिन करून ठेवायचे ५०० रुपये मागितले. दिले. लाइक आले, चौकशी एकही नाही. पिन केलेली पोस्ट नव्या सदस्याच्या नजरेस पडते. रोजचा माणूस ती ओलांडून खाली जातो.

२३ जानेवारी

पहिली विक्रीची पोस्ट आणि पहिली फजिती. भरिताचा हंगाम चालू, बामणोद-आसोद्याची वांगी बाजारात, जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्याच वाऱ्यावर काळा मसाला विकावा असा बेत. तयार नमुन्यावरून चित्र केलं : ‘अस्सल खान्देशी भरीत मसाला’. लेबलंही तशीच छापून आली होती.

तासाभरात खाली :

‘भरितात मसाला? आमच्याकडे हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. बस.’

‘भरीतमा मसाला कोन टाकस भाऊ?’

‘पुण्याचा ब्रँड दिसतोय.’

हा शेवटचा घाव. बोलणारे बरोबर होते. आपल्याकडचं भरीत तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याचं, भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसूण घालून ठेचलेलं. काळा मसाला त्यात जात नाही. लेबलाचा मजकूर शहरातल्या डिझायनरने सुचवला आणि गटातल्या बायकांना दाखवायचा राहून गेला.

काय केलं : पोस्ट काढली नाही. काढली असती तर लोकांनी पडद्याचे फोटो फिरवले असते. मजकूर बदलून ‘काळा मसाला : शेवभाजीला, गंगाफळाला, मटणाच्या रश्श्याला’ केला आणि खाली लिहिलं : ‘बरोबर आहे, भरितात हा जात नाही. नाव चुकीचं पडलं, बदललंय. लेबलंही बदलतो.’ ज्याने पुण्याचा ब्रँड म्हटलं त्याला वेगळं उत्तर दिलं नाही. गटाचं गाव कोणतं ते त्याच धाग्यात दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

खर्च : ५०० लेबलांचा गठ्ठा रद्दीत, नवे गठ्ठे धरून १,८०० रुपये. नियम असा पडला की समूहात जाणारा प्रत्येक शब्द आधी गटातल्या दोन वयस्क बायकांना वाचून दाखवायचा.

२८ जानेवारी

विकायची पोस्ट आठवड्यातून एक, तीही दिलेल्या वारी. बाकीचे दिवस लोकांचे प्रश्न शोधायचे. फेसबुकवर ठरावीक शब्द आला की सूचना मिळण्याची सोय ॲडमिनला असते, सदस्याला नाही. म्हणून सकाळी आणि रात्री हाताने शोध. शोधायचे शब्द कागदावर लिहून भिंतीला लावले : बिबडी, बिबडे, बिबड्या, कळणा, कळण्याचं पीठ, शेवभाजी मसाला, कुठे मिळेल, कोणी येतंय का. हेच सगळे रोमन लिपीतही, आणि रोमनमध्ये प्रत्येकाची तीन-तीन स्पेलिंगं. एकच लिहून शोधलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

उत्तराची घडण अशी ठेवली. आधी पूर्ण उत्तर. उदाहरणार्थ ‘मुंबईत बिबड्या फुलत नाहीत, दातात चिकटतात’ या तक्रारीला : दमट हवेत बिबडी ओल धरते, तळायच्या आधी तासभर उन्हात किंवा मंद तव्यावर ठेवा, तेल नीट तापलं की नाही ते एक तुकडा टाकून बघा, तो लगेच वर आला पाहिजे, आणि एका वेळी एकच टाका. मग एक ओळ : ‘आम्ही बचत गटाच्या बिबड्या विकतो, म्हणून हा अनुभव.’ संपलं. भाव नाही, नंबर नाही, ‘इनबॉक्स करा’ नाही. ज्याला हवं तो नावावर बोट ठेवून परिचय वाचतो.

ही एक ओळ कुठे ठेवायची यावर गटात वाद झाला. शेवटी ठेवली तर लांब उत्तरात ती ‘आणखी पाहा’च्या खाली दडते आणि वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून चार ओळींपेक्षा उत्तर मोठं झालं की ओळख पहिल्या ओळीत.

३ फेब्रुवारी

व्हॉट्सॲप. इथली गणितं वेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर.

एका समूहात १,०२४ जणांपर्यंत माणसं बसतात, पण वाचणारे ओळखीचेच असतात. तयार चित्र पुढे ढकललं की वर ‘फॉरवर्डेड’ची खूण येते. तेच चित्र हातोहात खूप फिरलं की दुहेरी बाणाची खूण लागते, आणि मग ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतं. २०२० पासून हा नियम आहे. लोक दुहेरी बाण बघूनच बोट पुढे सरकवतात. तेव्हा प्रत्येक समूहात मजकूर नव्याने टाइप करायचा किंवा निदान चिकटवून त्यात गावाचं नाव घालायचं. चित्रातला भाव पुढे शोधून सापडत नाही, टाइप केलेला सापडतो. दोन महिन्यांनी ‘पापड’ शोधणाऱ्याच्या हाती लागायचं असेल तर भाव अक्षरांत पाहिजे.

समूहातून नंबर उचलून आपल्या नव्या समूहात माणसं कोंबायची, हा सगळ्यांना सुचणारा मार्ग. करू नका. लोक बाहेर पडताना तक्रारीचं बटण दाबतात, आणि पुरेशा तक्रारी झाल्या की नंबरच बंद होतो. सगळी गिऱ्हाइकं त्या एका नंबरवर असतात. आमच्या ओळखीतल्या एका मसालेवाल्यांचा नंबर असाच ऐन दिवाळीत गेला. निमंत्रणाची लिंक द्यावी, येणारा आपल्या पायांनी येतो.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण निरोप पोचतो तो ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच. म्हणून पहिली ऑर्डर पाठवताना चिठ्ठी टाकतो : ‘पुढच्या हंगामाची बातमी हवी असेल तर हा नंबर साठवून ठेवा.’ बिझनेस ॲपमधली लेबलं मात्र पहिल्या दिवसापासून लावा : नवी ऑर्डर, पैसे आले, पाठवलं, तक्रार. पंधराव्या ऑर्डरीनंतर डोक्यात काही राहत नाही.

गावकीच्या समूहांत लेखी पोस्टपेक्षा बोलून पाठवलेला निरोप जास्त ऐकला जातो. चाळीस सेकंदांच्या आत, गटातल्याच बाईच्या आवाजात, तिच्या बोलीत. पहिल्या वाक्यात काय आहे ते सांगायचं : ‘बिबड्या वाळल्यात, शनिवारी पार्सल निघतंय.’ आवाजाखाली भाव आणि शेवटची तारीख टाइप करायची. पोरींनी आधी प्रमाण मराठीत लिहून दिलेलं वाचायला लावलं होतं. ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं झालं, टाकून दिलं.

१० फेब्रुवारी

‘विक्री नाही, उत्तरं द्या’ म्हणणाऱ्या समूहात एक प्रश्न टाकला : ‘कळण्याला ज्वारी-उडदाचं प्रमाण काय घेता? आम्ही चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद घेतो. मीठ दळतानाच टाकतो.’ सोबत जात्याजवळच्या सुपातल्या धान्याचा फोटो, पाकिटाचा नाही.

दोन दिवस धागा थांबला नाही. तीनाला एक म्हणणारे, चाराला एक म्हणणारे, ‘थोडी मेथी टाका, मग बघा’ म्हणणाऱ्या काकू, बाजरी घातली तर तो कळणाच नव्हे म्हणणारे आप्पा. धुळ्याकडचे आणि रावेरकडचे सरळसरळ दोन फळ्यांत. आम्ही मध्ये फक्त विचारत राहिलो : उडीद सालासकट का? दळण जाडं की बारीक? पिठाबद्दलच्या चौकशा धाग्यात एकही नाही, सगळ्या इनबॉक्समध्ये. विक्रीच्या कोणत्याही पोस्टपेक्षा जास्त.

हे पाहून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या समूहात ‘तुम्हाला कळण्याची भाकरी आवडते का? हो असेल तर लाइक करा’ टाकलं. आपटलं. लाइक मागणाऱ्या, टॅग करायला लावणाऱ्या पोस्टींना खाली ढकलायचं धोरण फेसबुकने २०१७ मध्येच जाहीर केलंय. शिवाय त्या प्रश्नाला उत्तर काय देणार? पहिला प्रश्न खरा होता, म्हणजे प्रमाण बदलायचं की नाही हे आम्हाला खरंच ठरवायचं होतं. पुढे तीनाला एकचं वेगळं पाकीट काढलं, आणि धाग्यात जाऊन तसं सांगितलं.

१५ फेब्रुवारी

मोजमाप. कोणत्या समूहातून कोण आलं हे कळलं नाही तर वेळ कुठे घालवायचा ते ठरत नाही. आधी प्रत्येक समूहाला सांकेतिक शब्द दिला : तापी, सातपुडा, केळी. ऑर्डर देताना लोक शब्द विसरतात. मग व्हॉट्सॲपची आधीच मजकूर भरलेली लिंक केली, दर समूहाला वेगळ्या मजकुराची : ‘राम राम, नाशिकच्या समूहातून आलो’. बोट ठेवलं की तो मजकूर आपोआप टाइप होतो. पण लिंक असलेली पोस्ट अनेक समूहांत आपोआप अडकते, कारण ॲडमिनने तसं यंत्राला सांगून ठेवलेलं असतं. लिंक पहिल्या कमेंटमध्ये टाकली की पोस्ट सुटते. काही ठिकाणी कमेंटमधली लिंकही चालत नाही, तिथे सरळ तोंडी विचारायचं.

तक्त्यात पाच रकाने : समूह, घालवलेला वेळ, चौकशा, ऑर्डरी, दुसऱ्यांदा आलेल्या ऑर्डरी. लाइकचा रकाना नाही. सहा आठवडे ऑर्डर नाही तर त्या समूहात विक्रीची पोस्ट बंद, उत्तरं चालू. खरा खर्च वेळाचा आहे : रोज एक ते दीड तास. त्याची मजुरी मालाच्या भावात धरली नाही तर हिशोब खोटा येतो.

२२ फेब्रुवारी

डोंबिवलीच्या ताईंनी समूहातच फोटो टाकला : पाकिटात बिबड्यांचा चुरा. ‘एवढे पैसे देऊन हे?’

आमच्याकडून उत्तर जायच्या आत गटातल्या दोघींच्या मुलांनी तिथे भांडण लावलं. ‘कुरिअरवाल्याला विचारा’, ‘बायका राबतात त्याचं काही नाही’. हे सगळ्यात वाईट. आधी त्यांना फोन करून थांबवलं, मग लिहिलं : ‘ताई, फोटो बघितला. पॅकिंग आमचं कमी पडलं. उद्या दुसरं पाकीट निघेल, पैसे नाहीत. पत्ता तोच आहे ना, ते इनबॉक्सला कळवा.’ पोस्ट काढा अशी विनंती केली नाही. माल पोचल्यावर त्याच धाग्यात परत जाऊन ‘मिळाला का, कसा निघाला?’ विचारलं. त्यांनी अख्ख्या बिबड्यांचा फोटो टाकला. पुढच्या आठवड्यात ज्या ऑर्डरी आल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी हा धागा वाचल्याचं सांगितलं.

पॅकिंगची दुरुस्ती : एका पाकिटात अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही. पाकिटातली हवा दाबून काढायची नाही, थोडी राहू द्यायची. तीन थरांच्या ऐवजी पाच थरांचं खोकं. पाकिटं आडवी, मधल्या जागेत कागदाचे बोळे. वर्तमानपत्राचा कागद मालाला लागता कामा नये, शाई उतरते. तो पाकिटाबाहेर आणि खोक्याच्या आतच. खोक्यामागे १४ रुपये वाढले. भाव वाढवला, का वाढवला ते समूहात लिहिलं.

१ मार्च

पुण्याच्या सोसायटीच्या समूहात पहिला प्रश्न चवीचा नसतो, ‘एफएसएसएआय नंबर?’ हा असतो. चौदा आकडी नंबर दिसेल असा लेबलाचा स्वच्छ फोटो फोनमध्ये हाताशी ठेवा. त्याच फोटोत घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, हिरवा ठिपका, किंमत आणि पत्ता दिसला पाहिजे. उत्तराला दुसरा दिवस लावला तर गिऱ्हाईक गेलं.

याच समूहात एका काकांनी आपणहून लिहिलं, ‘कळणा डायबेटिसवर रामबाण.’ कौतुकच ते, पण त्याला लाइक ठोकलं तर दावा आपला होतो. मधुमेह बरा होतो असं जाहिरातीत म्हणायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. उत्तर दिलं : ‘काका, तसा दावा आम्ही करत नाही. ज्वारी-उडदाचं पीठ आहे, पथ्याचं डॉक्टरांना विचारा.’

९ मार्च

सुरतचे समूह. धुळे-नंदुरबारकडची माणसं, अहिराणी चालते, माल ओळखीचा, पण पार्सलचा खर्च ऐकून सगळे गप्प. ‘पापडना भावमा पार्सल?’ असा थेट सवाल. तोडगाही त्यांनीच सुचवला : होळीला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माणसं गावी येतातच, सुरत-भुसावळ गाडीने. मग अमळनेर आणि जळगाव स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानांत माल ठेवायची सोय केली. दुकानदाराला पाकिटामागे ५ रुपये. ऑर्डर आणि पैसे आधी, पाकिटावर नाव आणि तारीख, आठ दिवसांत नेलं नाही तर परत. सुरतसाठी कुरिअर जवळपास बंद झालं.

२० मार्च

रेडिट. थोडक्यात : आपल्या या मालासाठी नको. नवं खातं आणि त्यात लिंक, की स्वयंचलित गाळणी उत्तर उडवते. आपल्याला ते दिसत राहतं, बाकी कोणाला नाही. खात्यातून बाहेर पडून त्याच धाग्यावर बघितल्याशिवाय हे कळत नाही. तिथे जुनं खातं, बरंच निरपेक्ष बोलणं आणि त्यात दहाव्या हिश्श्याहून कमी आपली भलामण, असा रिवाज आहे. ज्याच्याकडे वर्षभर धीर आहे त्याने करावं. पुण्यात खान्देशी जेवण कुठे मिळतं यावरचे धागे मात्र वाचण्यासारखे आहेत. शेवभाजीचा रस्सा घरी का जमत नाही याच्या पाच तऱ्हा तिथे सापडल्या, आणि मसाल्याच्या पाकिटामागची कृती त्यावरून नव्याने लिहिली.

२८ मार्च

कळण्याच्या धाग्यात तपशिलाने लिहिणाऱ्या काही जणांना मसाल्याचे नमुने पाठवले. अट एवढीच : लिहायचं तर खरं लिहा, नाही लिहिलं तरी चालेल, पण लिहिलंत तर नमुना फुकट मिळाला हे सांगा. मेथीवाल्या काकूंनी लिहिलं, ‘बचत गटाने फुकट पाठवला. वास चांगला, मीठ जास्त.’ मीठ खरंच जास्त होतं. काळ्या मसाल्यात मीठ टिकवण्यासाठी घालतात, पण भाजीत लोक वरून पुन्हा घालतात. पुढच्या घाण्यात निम्मं केलं आणि लेबलावर ‘मीठ बेताने घाला’ छापलं.

नमुने देताना समूहाचे ॲडमिन वगळले. त्यांना पाठवलं की बाकीचे विक्रेते बोलतात.

५ एप्रिल

दुसऱ्या विक्रेत्याने त्याच रविवारी उडदाचे पापड आमच्यापेक्षा बरेच स्वस्त टाकले. कोणीतरी विचारलंच, ‘तुमचे महाग का?’ समोरच्याच्या मालाबद्दल अवाक्षर नाही. आपला किलोमागचा हिशोब दिला : डाळ आणि दळण १३०, मसाला-पापडखार-तेल २५, लाटणावळ ८०, पाकीट आणि लेबल १५, एकूण २५०, विक्री ३००, उरलेल्यात भाडं, खराब माल आणि समूहात बसणाऱ्या बाईचा पगार. काहींना तरीही महाग वाटले, त्यांनी तिकडून घेतले. लाटणावळीचा आकडा वाचून मात्र दोन जणींनी विचारलं की आमच्या गावातल्या बायकांनाही हा दर मिळेल का. त्यांचे नंबर घेऊन ठेवलेत.

१९ एप्रिल

आखाजी ३० तारखेला. माहेरवाशिणी येणार म्हणून ऑर्डरी एकदम वाढल्या आणि उडदाचे पापड संपले. सगळ्या समूहांत एका ओळीत लिहिलं : ‘पापड संपले, नवा लॉट १० मेनंतर. बिबड्या आहेत.’ ॲडव्हान्स घेऊन ठेवायचा मोह होता. घेतला नाही.

१२ मे

ॲडव्हान्स घेतला नाही ते बरंच झालं. अवकाळीने वाळवण थांबलं. गच्चीवरचे अर्धवट वाळलेले पापड आत आणावे लागले, काहींना बुरशी, ते फेकले. दहाचा वायदा चुकला. समूहांत वायद्याच्या दिवशीच, कोणी विचारायच्या आधी, झाकलेल्या वाळवणाचा फोटो आणि ‘ऊन पडलं की चौथ्या दिवशी पॅकिंग’ एवढंच लिहिलं. नवी तारीख दिली नाही. राग कोणी केला नाही. उलट प्रत्येकाने आपापल्या गावच्या पावसाची बातमी खाली लिहिली आणि धागा वर राहिला.

१६ जून

पावसाळ्यात बिबड्या पाठवणं बंद, मसाला आणि पीठ चालू. विक्रीच्या पोस्टी तीन समूहांपुरत्या उरल्या, बाकीकडे फक्त उत्तरं. रात्रीचा शोध आता गटातलीच एक मुलगी करते. तिला उत्तरं पाठ करायला दिली नाहीत, जुने धागे वाचायला दिले.

नाशिकच्या समूहाचे ॲडमिन बदलले. जुन्या दादांनी दिलेली रविवारची परवानगी नव्या ताईंना ठाऊक नाही, कालची पोस्ट काढली गेली. वाद घातला नाही. १८ जानेवारीचाच निरोप ‘राम राम ताई’ करून पाठवलाय, आणि उत्तर येईपर्यंत तिथली विक्री थांबवली आहे.